खिडकी बुजवा, मग पत्रे न्या

आमचं छप्पर सोसायटीच्या पार्किंगमध्ये पडलं होतं आणि सेक्रेटरींनी त्यावर बूट ठेवला होता.

"हे आपलंच ना?" त्यांनी अप्पांना विचारलं. "मग नीट बांधून ठेवायचं. आमच्याकडे कशाला पाठवलंत?"

आजूबाजूचे हसले. अप्पाही हसले. माझ्या वडिलांना वाटतं, मोठी माणसं हसली की आपणही हसावं, म्हणजे विषय मिटतो. मी मान खाली घातली. पत्र्यावर चिखलाचा बूट उमटला होता, तो बघत राहिले.

समुद्रावर उठलेलं वादळ घाट चढून पुण्यापर्यंत येईल असं आमच्या वस्तीत कुणालाच वाटलं नव्हतं. कोथरूडला टेकडीच्या कडेला आमची वस्ती. शेवटच्या ओळीत आमचं घर. मागे बोळ, बोळापलीकडे सोसायटीची बुटकी कंपाउंड वॉल. दुपारी वारा घरात शिरला, पत्रे उचलले आणि भिंतीपलीकडे नेऊन टाकले. एक पत्रा वहिनींच्या गाडीवर पडला. वहिनी म्हणजे ज्यांच्याकडे आई पोळ्या करायची त्या. गाडीला पोचा आला.

त्या दुपारी मी खराडीला ऑफिसात होते. काचेच्या आत. बाहेर झाडं वाकत होती आणि सगळे काचेशी उभे राहून व्हिडिओ काढत होते. मीही काढला.

त्याच वेळी आई आणि अप्पा माझं कपाट ओढत होते. आमच्या घरात मोरीवर तेवढा स्लॅब आहे. त्याखाली त्यांनी कपाट नेलं. त्यात माझे ऑफिसचे कपडे, पुस्तकं, सर्टिफिकेटं. कपाट आत गेल्यावर माणसाला जागा उरली नाही. ती दोघं उघड्या घरात भिंतीला टेकून भिजत राहिली. मी पोचले तेव्हा पीठ भिजलं होतं, गाद्या भिजल्या होत्या, अप्पांचा दम्याचा पंप चिखलात पडला होता. कपाटातल्या माझ्या कुर्त्याची इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती. दुसऱ्या दिवशी तोच घालून मी कामावर गेले. घरात दुसरं कोरडं काही नव्हतं, हे खरं आहे. तरी दिवसभर तो अंगाला चावत होता.

रविवारी आम्ही पत्रे मागायला गेलो, तेव्हाचा तो बूट.

मग सेक्रेटरींनी अप्पांना गेटपाशी थांबायला सांगितलं आणि मला सोसायटीच्या ऑफिसात बोलावलं. आत वहिनी बसल्या होत्या. मला खुर्ची दिली. त्या खोलीत आई दर दिवाळीला फराळाची ताटं लावायला यायची, पण तिला कधी कुणी बस म्हटलं नव्हतं.

"तू शिकलेली आहेस, म्हणून तुझ्याशी बोलतोय," सेक्रेटरी म्हणाले. "तुमची ती मागची खिडकी. गार्डनमध्ये बसलं की तुमचा सगळा संसार दिसतो. वाळत घातलेलं, खोकणं, सगळं. नाहीतरी आता नव्यानं बांधताच आहात. विटा-सिमेंट लावून कायमची बुजवा, मग पत्रे न्या. म्हातारा हट्टी दिसतो. तू समजाव."

"करेल ती," वहिनी म्हणाल्या. "आमच्यातलीच आहे हो ती." मग सेक्रेटरींकडे बघून इंग्रजीत, "शी इज नॉट लाइक देम."

लहानपणी ह्याच वहिनींनी मला त्यांच्या मुलीची इंग्रजी गोष्टींची पुस्तकं दिली होती. शाळेतल्या फाडफाड बोलणाऱ्या मुलींमध्ये मी त्या पुस्तकांच्या जोरावर टिकले. त्यामुळे ते वाक्य ऐकून मला राग आला नाही. बरं वाटलं. अप्पा बाहेर उन्हात उभे होते आणि मला आत बरं वाटलं.

आमच्या घराला ती एकच खिडकी. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, पुढे दार. अप्पांनी मार्केट यार्डात हमाली केली, जास्त करून मिरचीची पोती. दमा घेऊन घरी बसले. पत्रे तापले की ते त्या खिडकीचे गज धरून उभे राहतात आणि श्वास ओढतात. खिडकी बुजवायची म्हणजे काय, हे मला माहीत होतं.

"काय म्हनले?" गेटवर अप्पांनी विचारलं.

"देतो म्हणाले," मी म्हटलं. "फक्त खिडकी थोडे दिवस बंद ठेवा म्हणाले. गार्डनचं काहीतरी काम आहे."

गार्डनचं काही काम नव्हतं. मी हे ठरवून बोलले नाही. तोंडातून आपोआप निघालं. लहानपणापासून असंच निघतं. बाहेरचं बोलणं घरी नेताना मी त्याची धार काढून टाकते. आता पगारही त्याचाच मिळतो. परदेशातल्या गिऱ्हाइकाला 'नाही' असं लिहायचं, की वाचून त्यानंच आभार मानावेत.

अप्पांनी दुपारीच विटा आणल्या. मोरीच्या पडलेल्या कठड्याच्या.

"चिखलातच बसवतो," ते म्हणाले. "सिमिट लावलं तर परत फोडाया लागंल. थोड्या दिसांचं तर काम हाय."

ते लावत होते आणि मी एकेक वीट हातात देत होते. खिडकी निम्मी भरली तसा त्यांना खोकला सुरू झाला. तेव्हा बोलायला हवं होतं. मी पाण्याचा तांब्या आणून दिला.

संध्याकाळी सेक्रेटरी बघायला आले. बोळात उभं राहून त्यांनी वरची वीट बोटानं ढकलली. ती सरकली.

"चिखल!" ते म्हणाले. "वा. आम्ही काय दूधखुळे आहोत? आज लावायच्या, पत्रे मिळाले की उद्या काढायच्या. ह्या लोकांना शब्द म्हणजे काय ते माहीतच नसतं. फसवणूक रक्तातच आहे."

अप्पांना काही कळेना. हाताला चिखल तसाच.

"सायेब, थोड्या दिसांचंच म्हनला व्हता ना तुमी? पोरगी म्हनली."

आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. संशयानं बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ते भरवशानं बघत होते. मी नेहमीसारखं साहेबांना नीट समजावीन म्हणून.

"टेल हिम प्रॉपर्ली," सेक्रेटरी मला म्हणाले.

मी सांगितलं.

"अप्पा, हे थोडे दिवस म्हणाले नव्हते. कायमची म्हणाले होते. विटा-सिमेंट लावून. तुम्हाला हट्टी म्हातारा म्हणाले. गार्डनमध्ये बसलं की तुमचा संसार दिसतो, खोकणं दिसतं, म्हणाले. थोडे दिवस हे माझ्या पदरचं. मी खोटं बोलले. आणि आत्ता म्हणाले की फसवणूक तुमच्या रक्तात आहे."

आई आतून दारात आली होती. तिनं सगळं ऐकलं.

"अगं, असं शब्दाला शब्द सांगतात का?" सेक्रेटरी म्हणाले. "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"खिडकी राहील," मी म्हटलं. "पत्रे आमचे आहेत. आत्ता नेतो."

अप्पा वळले आणि वरची वीट काढली. मग दुसरी. मी हात पुढे केले, त्यांनी माझ्याकडे न बघता विटा खाली ठेवल्या. आईनं पदर खोचला आणि ती पुढे चालू लागली. मी तिच्या मागे.

गेटवर वॉचमननं आमच्याकडे बघितलं आणि गेट उघडलं. कुणी अडवलं नाही. शेजारची दोन माणसं आली, आम्ही पत्रे डोक्यावर घेतले आणि बाहेर पडलो. एवढंच होतं ते. आमचंच छप्पर उचलायला परवानगी लागतच नव्हती. आम्ही ताडपत्रीखाली झोपलो ते नुसते 'नेऊ का' विचारून उत्तराची वाट बघत.

वहिनी बाल्कनीत होत्या.

"उद्यापासून यायची गरज नाही हं," त्यांनी वरून आईला सांगितलं.

"बरं," आई डोक्यावरचा पत्रा सावरत म्हणाली. "कणीक मळून फ्रिजमध्ये ठेवलीय. निळ्या डब्यात."

वाकलेले पत्रे ठोकून सरळ केले. नवे हूक आणून बसवले. भोकं बुजवली. खिडकीच्या चौकटीत अजून चिखल सुकलेला आहे.

छप्पर बसल्यावर आई माझ्यासमोर बसली.

"आजवर आणखी काय काय गोड करून सांगितलंस?"

मी इयत्ता पहिलीपासून सुरुवात केली. पालकसभेत बाई इंग्रजीत म्हणाल्या होत्या, तुझ्या आईला बाहेर थांबायला सांग, बाकीच्या पालकांना अवघडल्यासारखं होतं. मी आईला म्हटलं होतं, बाई म्हणतात तुमचं काम खोळंबेल, तुम्ही गेलात तरी चालेल. आई त्या बाईंना चांगलं म्हणत घरी गेली होती.

"आणि मी तिला तिळगूळ पाठवला," आई म्हणाली. "दर संक्रांतीला."



मला वाटायचं, मी आई-अप्पांना वाचवते. मी वाचवत होते त्या बाईंना. सेक्रेटरींना. वहिनींना. त्यांच्या तोंडची घाण मी ओंजळीत घेऊन, धुऊन घरात आणत होते. म्हणून आमच्या घरातून त्यांना कधी उत्तर गेलं नाही. उत्तर द्यायचंय हे घरात कुणाला कळूच दिलं नाही मी.

आईचं काम गेलं ते माझ्यामुळे. अप्पा लबाड ठरले तेही माझ्यामुळे. ते माझ्याशी बोलायला लागले आहेत, पण मी काही सांगितलं की क्षणभर थांबतात, तोलून बघतात. ते थांबणं माझ्या वाट्याचं आहे. ते मी सोसेन.

आईला सगळं सांगून झालेलं नाही. रोज थोडं सांगते. ज्यानं जे म्हटलं ते, त्याच्याच शब्दांत, नावासकट. ऐकताना तिचा चेहरा बघवत नाही. तरी सांगते.

परवा अप्पांनी पहिल्यांदा निरोप दिला. "त्याला म्हनावं, गार्डनीत बसल्यावर आमचा संसार दिसत आसंल तर तोंड तिकडं करून बस."

मी गेटवर गेले. सेक्रेटरी फिरायला निघाले होते. मी सांगितलं. अप्पा 'बस' म्हणाले होते, 'बस' सांगितलं. 'बसा' केलं नाही. यापुढे कुणाचाच शब्द गोड करणार नाही.