सिस्टरांच्या फोनमधली गाणी

लग्नसराईत डीजेची पिकअप रस्त्याने जाऊ लागली की आमच्या सिस्टर कानात बोट घालायच्या. एकाच कानात, डाव्या. दुसऱ्या हातात लशींचा डबा असतो म्हणून तसं होत असावं, असं मी बरेच दिवस समजत होतो. मग एकदा त्यांचे दोन्ही हात मोकळे असताना पिकअप गेली. तेव्हाही बोट डाव्याच कानात होतं.

"हा गोंगाट! याला गाणं म्हणायचं?" असं म्हणायच्या आणि पिकअप वळणाआड जाईपर्यंत तिच्याकडे रागाने बघत राहायच्या.

मी आमच्या आरोग्य केंद्राच्या गाडीवर कंत्राटी चालक आहे. जव्हार आणि मोखाड्याच्या डोंगरातले पाडे सिस्टरांबरोबर इतके हिंडलो की कोणत्या घरात किती पोरं, कोणत्या सुनेला कितवा महिना, हे मलाही पाठ झालं होतं. सिस्टर जव्हारातल्या. वडील शिक्षक, नवरा शिक्षक, घरात हार्मोनियम. केंद्रावर कोणाचा निरोप समारंभ असो की झेंडावंदन, शेवटी सिस्टरांचा अभंग ठरलेला. आवाज खणखणीत. डोळे मिटून गायच्या. ऐकणारेही मग डोळे मिटायचे, काही जण भक्तीने, काही जण झोपेने.

त्यांचे यजमान गावोगाव भाषणं द्यायचे, लग्नात डीजे नको म्हणून. सिस्टरही बायकांना तेच सांगायच्या. एकदा एका हळदीत त्यांनी स्वतः जाऊन डीजे बंद करायला लावला होता, कारण शेजारच्या घरात चार दिवसांची बाळंतीण होती. पाड्यावरची पोरं चिडली. कोणी उलट बोललं मात्र नाही. सिस्टर बोलल्या म्हणजे विषय संपला, असा त्यांचा दरारा होता.

आता तुम्हीच सांगा, अशा बाईबद्दल कोणाला संशय यावा?

दाभोशाला लसीकरण होतं. काम आटोपून मी पाणी प्यायला गेलो आणि जरा लवकर परतलो. सिस्टर गाडीत एकट्या बसल्या होत्या. डोक्यावरून ओढणी, मांडीवर फोन. ओढणीखालून इअरफोनची वायर लोंबत होती, पण तिचं टोक फोनच्या भोकात नीट बसलंच नव्हतं. गाणं फोनमधून बाहेरच वाजत होतं.

"पिकअपवाल्या, दमानं हाक रं, पैंजण माझं पडलं रं..."

सिस्टरांचे डोळे मिटलेले होते. अभंगाला मिटतात तसेच. आणि मान, खांदे, गुडघा, सगळं हलत होतं.

मी दार उघडलं. त्यांनी फोन उलटा केला. गाणं उलटं होऊनही वाजतच राहिलं. कसंबसं त्यांनी ते थांबवलं.

"काय ऐकलंस?"

"काही नाही, सिस्टर."

"मुलाखत लागली होती. मध्ये जाहिरात आली."

"हो, सिस्टर."

पुढचे कित्येक दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. मला झोप येईना. माझं कंत्राट दरवर्षी नव्याने होतं आणि डॉक्टर चालकाबद्दल विचारतात ते सिस्टरांनाच. कोणाला सांगितलं तर मेलो, आणि न सांगताही यांनी मनात धरलं तरी मेलो. एके दिवशी औषधांची खोकी चढवताना त्या हळूच म्हणाल्या, "लोकांनी माझं ऐकायचं असेल ना, तर मला असलं काही ऐकून चालत नाही. कळलं?"

"कळलं, सिस्टर."

"आणि आमच्या घरी तर कळताच कामा नये."

मी शब्द दिला.

मग तो श्रावणातला दिवस आला. वावर गावाच्या बाजूच्या एका पाड्यावरची मंजुळा सकाळी केंद्रावर बाळंत झाली. पहिलंच मूल, मुलगी, रडणारी, धडधाकट. पण मंजुळाचं रक्त थांबेना. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, सलाईन लावलं आणि म्हणाले, "जव्हारला न्या. लगेच."

मागे स्ट्रेचरवर मंजुळा, तिच्या बाजूला सिस्टर, आणि कोपऱ्यात नातीला छातीशी धरून मंजुळाची सासू. सिस्टरांनी दोन्ही हातांनी मंजुळाचं पोट दाबून धरलं होतं. गर्भाशय आवळलं तर रक्त थांबणार, सैल पडलं की पुन्हा वाहणार. हात काढायचा नव्हता.

धुकं असं, की बोनेटच्या पुढचं दिसत नव्हतं. तरी मी गाडी रेटली. उतार संपला आणि मी ब्रेक दाबला. ओढ्यावरच्या फरशी-पुलावरून पाणी चाललं होतं. लाल, गढूळ, गुडघ्याच्या वर.

"काय झालं?"

"फरशी बुडाली, सिस्टर."

"दुसरा रस्ता?"

"मागे जाऊन वळसा घ्यावा लागेल. दोन तास."

मी उतरून पाण्यात काठी रोवून आलो. पाऊस थांबला होता, पाणी उतरेल असं वाटत होतं. पण किती वेळात?

मी परत आलो तेव्हा मंजुळाचे ओठ पांढरे पडले होते. डोळे मिटत होते.

"मंजुळा! ए मंजुळा, झोपायचं नाही. माझ्याकडे बघ. मुलीचं नाव काय ठेवायचं?"

मंजुळाची मान एका बाजूला कलली.

"नीजते गं बाय ती," सासू म्हणाली आणि रडू लागली.

"रडू नका, बोला तिच्याशी. भाऊ, तू बोल. काहीही बोल."

मी काय बोलणार? मी म्हणालो, "पाणी उतरतंय." दोनदा म्हणालो. सिस्टरांनी गुडघ्याने स्ट्रेचरला धक्का दिला. हात गुंतलेले, दुसरं काय करणार? मंजुळाने डोळे किलकिले केले आणि पुन्हा मिटले.

सिस्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही. आणि त्यांनी गायला सुरुवात केली. अभंगाच्याच खणखणीत आवाजात.

"पिकअपवाल्या, दमानं हाक रं, बांगडी माझी पडली रं..."

सासूचं रडणं तिथल्या तिथे थांबलं. मी खाली बघू लागलो.

"तुझ्या हळदीत वाजलं होतं ना गं हे? नाचली होतीस ना? बांगडी माझी पडली रं..."

मंजुळाचे ओठ हलले. सिस्टर वाकल्या.

"काय? मोठ्याने बोल."

"बांगडी नाही, बाय," ती पुटपुटली. "पैंजण."

"असं होय? मग पुढे काय? नणंद माझी रुसली रं?"

"जाऊ... जाऊ रुसली."

सिस्टर गात राहिल्या. दर ओळीत एक चूक. मंजुळा दर वेळी दुरुस्त करायची, कधी लगेच, कधी इतक्या उशिरा की तिचा श्वास चालू आहे ना, ते मी बघायचो. एकदा ती काहीच बोलली नाही, तेव्हा सिस्टरांनी तीच ओळ चार वेळा म्हटली. चौथ्या वेळी त्यांचा आवाज चिरकला, पण त्यांनी सूर सोडला नाही. ते गाणं सिस्टरांना तोंडपाठ होतं, हे त्या गाडीत फक्त मला ठाऊक होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. फरशीच्या कडेचे दगड दिसू लागले तशी मी गाडी घातली. पाणी दारापर्यंत आलं. इंजिन एकदा गुदमरलं, पण बंद पडलं नाही. जव्हारला पोहोचलो तेव्हा मंजुळा शुद्धीवर होती. तिला रक्त चढलं. संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, वाचली.

सिस्टर व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या. दाबून दाबून बोटं आखडली होती. मी चहा दिला तर कप धरता येईना. मीच धरला.

"तुला सांगू?" त्या म्हणाल्या. "नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या मांडीवर एक पोर गेलं. हाडं नुसती. घरी येऊन अभंग म्हणायला बसले, तर सगळ्यात मरण. देह जाणार, सगळं सोडायचं. त्या दिवशी नकोसं झालं ते. गल्लीत कोणाची तरी हळद होती, ढणाणा वाजत होतं. मी खिडकीत उभी राहून शेवटपर्यंत ऐकलं. या गाण्यांत कुणी मरत नाही रे. पैंजण पडतं, जाऊ रुसते. बस."

सासूने ती गोष्ट पाड्यावर सांगितली आणि आठवड्याभरात सगळीकडे झाली. सिस्टरांना वाटत होतं आता कोणी ऐकणार नाही. पुढच्या लसीकरणाला बायका जास्त आल्या. एक म्हातारी म्हणाली, "बाय, ते गाणं म्हण ना." सिस्टर लालबुंद झाल्या. "आधी लस," एवढंच म्हणाल्या.

जव्हारात, त्यांच्या घरी मात्र ही गोष्ट पोहोचली नाही. निदान मला तसं वाटत होतं.

निवृत्तीनंतर वर्षभरातच सिस्टर गेल्या. साधा ताप, मग न्यूमोनिया. मी दहाव्याला गेलो. भजनी मंडळ उठून गेलं होतं. मुलगी आईचा फोन हातात घेऊन बसली होती.

"दादा, तुम्ही बरोबर असायचात. आईच्या फोनमध्ये ही कसली गाणी आहेत हो? शंभरेक असतील. दुकानदाराने भरून दिली असतील ना?"

समोर त्यांचे यजमान, गुरुजी, बसले होते. मान खाली. मी शब्द दिला होता. पण दुकानदाराने भरली म्हटलं असतं, तर फरशीपाशी गाणाऱ्या त्या बाईला मी दुसऱ्यांदा लपवलं असतं. मी म्हणालो, "नाही, ताई. ती सिस्टरांचीच आहेत." आणि सगळं सांगितलं. मंजुळा, पाणी, बांगडी, पैंजण.

मुलगी एकदा फोनकडे, एकदा वडिलांकडे बघू लागली. गुरुजींची मान खालीच होती. मी उठायच्या बेतात होतो.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "दुपारी स्वयंपाकघराचं दार लावून ऐकायची. मी बाहेर अंगणातल्या ओट्यावर बसून असायचो. पाणी लागलं तरी आत जायचो नाही."

"का, बाबा?"

"लाजली असती."

त्यांनी मुलीकडून फोन मागून घेतला, सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि त्यावर हात धरून बसले.