पैलवानांचा बिब्बा

आई वाकळ शिवायला बसली की पैलवान उठून गोठ्यात जात. बिथरलेल्या खोंडाला शिंगाला धरून खाली बसवणारा हा माणूस सुई दिसली की पांढराफटक पडे. पैलवान म्हणजे माझे वडील. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून आई त्यांना पैलवान म्हणे, तिचं ऐकून आम्ही लेकरंही म्हणायला लागलो, आणि गाव तर म्हणतच होतं.

"तलवारीला न्हाय भीत म्या," ते म्हणत. "तलवार येताना दिसती तरी. सुई बारकी. बारकं हत्यार लई बेइमान." तलवार घेऊन त्यांच्यावर कोण आलं होतं, हे विचारायची सोय नव्हती.

निजामाचं राज्य गेलं आणि नवं सरकार जीपमधून गावोगाव यायला लागलं. उस्मानाबादकडं, तेरजवळच्या आमच्या गावात अशीच एक जीप क्षयाची लस घेऊन आली. तरण्या डॉक्टरांनी शाळेपुढं सगळ्यांना समजावून सांगितलं. आधी मनगटाच्या वर एक परीक्षेची सुई. तीन दिवसांनी येऊन तिथली सूज पट्टीनं मोजायची. सूज नसली तर दंडावर लस टोचायची. सूज असली तर लस नको, कारण क्षयाचे जंतू अंगात आधीच येऊन गेलेले असतात. पैलवानांनी यातलं एवढंच ऐकलं, की सुजलं तर दुसरी सुई नाही.

सुई माझ्या हाताला लागली आणि बोंब पैलवानांनी मारली. "लागलं का गं?" मी नाही म्हटलं तरी त्यांचे डोळे भरलेले. त्यांची पाळी आली तेव्हा चौघांनी त्यांना धरलं. सुई नीट टोचली गेली, पण धरणाऱ्यांतले दोघे पुढं आठवडाभर लंगडत होते.

घरी येताच पैलवानांनी फडताळातून बिब्बे काढले. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की फोड येतो, सूज चढते. पण ते तेल काढायला बिब्ब्याला तापलेली सुई टोचावी लागते. तेवढं काम आईवर सोपवून पैलवान गोठ्यात जाऊन उभे राहिले. मग येऊन त्यांनी आपल्या हाताला बिब्बा लावला आणि माझ्याही. आई ओरडली, तर म्हणाले, "माझ्या लेकराला दोनदा टोचू देईन व्हय म्या?" सांजेपर्यंत ही युक्ती गावभर झाली आणि वाण्याकडचे बिब्बे संपले.

तिसऱ्या दिवशी रांगेतला एकेक हात वांग्यासारखा काळानिळा. डॉक्टरांनी पट्टी काढली, पाच-सहा हात बघितले आणि पट्टी परत खिशात ठेवली. "हे मोजता येणार नाही. पुन्हा कधीतरी येऊ," म्हणाले. जीप गेली आणि गावानं शिट्ट्या मारल्या.

आठ दिवसांत जळकोटला बातमी पोचली, की त्या गावाला क्षयानं गाठलंय, डॉक्टरसुद्धा हात न लावता पळाले. जळकोटच्या मास्तरांच्या मुलाशी माझी सोयरीक ठरली होती. मास्तरांचा निरोप आला, लग्न थांबवा. लग्नात बिब्बा घालणारे भाऊबंद सगळ्यांनाच असतात, माझ्या लग्नात तो बापानं घातला, आणि तोही मायेनं. मला मुलगा पसंत होता. मी दोन दिवस जेवले नाही.

खरं काय ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण सुईला भ्यालो असं कोण कबूल करणार? पैलवानांनी फेटा बांधला आणि मला घेऊन थेट जळकोट गाठलं. मास्तरांच्या अंगणात, चार माणसांदेखत म्हणाले, "मास्तर, पोरीला रोग न्हाय. म्या सुईला भेतो. बिब्बा म्या लावला."

मास्तरांनी त्यांच्या खांद्यांकडं बघितलं, मांड्यांकडं बघितलं. "एवढा गडी सुईला भेतो? कुणाला सांगता हो?"

आयुष्यात पहिल्यांदा पैलवानांनी खरी भीती सांगितली आणि ती कुणी खरी मानेना. शेवटी तेच म्हणाले, "जीप येडशीला आलीया. तुमी या. डोळ्यांनी बघा."

येडशीत मास्तर पैलवानांच्या शेजारीच बसले. डॉक्टरांनी आम्हाला ओळखलं आणि दोघांचेही दुसरे हात मागितले. माझं झालं. पैलवानांनी मारुतीचं नाव घेतलं, या वेळी कुणाला धरू दिलं नाही, आणि सुई टेकताच मास्तरांच्या मांडीवर बेशुद्ध पडले. मास्तरांना उठता येईना. तिथूनच ते ओरडले, "पटलं! पटलं! आता यांना उचला कुणीतरी!"

तीन दिवसांनी माझा हात सपाट निघाला. दंडावर लस मिळाली, लग्नाची तिथी निघाली. पैलवानांचा हात मात्र बिब्ब्यावाचून टम्म सुजला होता. डॉक्टर हसले. "तुम्हाला बिब्बा लागतच नव्हता. मोठ्या माणसांत पुष्कळांना येते अशी सूज. जंतू कधीतरी आले असतील, तुमच्या शरीरानं दाबून टाकले. आज तुम्ही ठणठणीत आहात."

"म्हंजी कुस्ती झाली, आन् मला पत्ता न्हाय?" त्यानंतर जत्रेत कुणी जुन्या कुस्त्यांचा विषय काढला, की पैलवान ही कुस्ती सगळ्यात आधी सांगत. बेशुद्ध पडल्याचं सांगत नसत. ते मास्तर सांगत.

माझ्या हातावर बिब्ब्याचा काळा डाग अजून आहे आणि दंडावर लशीचा वण. सासरी नव्या सुनांना मी दोन्ही दाखवते आणि दोन्ही पैलवानांमुळं आहेत असं सांगते.

शेवटच्या दुखण्यात त्यांना उस्मानाबादच्या दवाखान्यात ठेवलं होतं. अंगात फक्त हाडं उरली होती. नर्सबाई सुई घेऊन आल्या तसा पैलवानांनी माझा दंड घट्ट धरला. अंगठा नेमका त्या वणावर. मी बोंबेची वाट बघत राहिले. सुई आत गेली, बाहेर आली. पैलवान माझ्याकडंच बघत होते.

"लागलं का गं?" त्यांनी मला विचारलं.

"न्हाय, पैलवान. न्हाय लागलं."

"मग बरं," म्हणाले, आणि हात सोडला.