दोन हिवाळे काढलेली गाडी

गाड्यांचा जेवढा विचार माझ्या मावशीनं केला, तेवढा गाड्या काढणाऱ्यांनीही केला नसेल, असं माझं प्रामाणिक मत आहे. कुठलं मॉडेल कुठल्या देशात आधी निघालं, तिथं किती टिकलं, आपल्याकडं यायला त्याला किती उशीर झाला, हे तिला नातेवाइकांच्या बारशांसारखं पाठ असायचं. आणि तेही भोसरीतल्या दोन खोल्यांत बसून, ज्या घराला चारचाकी म्हणून कधी लाभली नव्हती. लग्न होऊन लातूरकडून ती इथं आली आणि काही वर्षांत चाकणच्या एका कारखान्यात लागली. गाडीच्या अंगात शेकडो वायरी फिरतात, त्यांची एक मोठी जुडी असते. तिला हार्नेस म्हणतात. मोठ्या तिरक्या पाटावर आखलेल्या वाटेनं एकेक वायर न्यायची आणि वरून टेप गुंडाळत जायचं, हे मावशीचं काम. परदेशी जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडं, म्हणून त्यांचा पाट आरशात दिसावा तसा उलटा. मावशी वर्षानुवर्षं त्या उलट्या पाटावर होती. "मी हिथं टेप मारते, आन् तिकडं बर्फात कोण तरी चावी फिरवतं," असं म्हणता म्हणता ती थांबायची, तव्यावरची पोळी करपायची आणि आम्ही ती मुकाट्यानं खायचो.

नव्या मॉडेलचा पाट बाजारात गाडी येण्याच्या कितीतरी आधी तिच्यासमोर उभा राहायचा. पण मावशी तोंडाची पक्की. कुणी विचारलं की "मला काय म्हाईत?" एवढंच उत्तर. गल्लीतले लोक मात्र तिच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधायचे. पटकन म्हणाली तर गाडी सामान्य, पदर सारखा करून म्हणाली तर थांबण्यासारखी. एकदा तिनं नुसता सुस्कारा सोडला, तर समोरच्या घरातल्या भाऊंनी बुकिंग रद्द केलं. त्या दिवशी तिला पित्त झालं होतं, हे पुढं कळलं.

गाडी भरवशाची आहे की नाही, याची तिची कसोटी एकच. गाडीनं आधी परदेशात दोन हिवाळे काढायला हवेत. "तिकडची माणसं तक्रार लिहून कळवतात," ती सांगायची, "आपण सवय करून घेतो." शेजारच्यांनी नवी गाडी आणली, हार घातला, नारळ हातात घेतला, तेव्हा मावशीनं विचारलं, "बाहेर निघाली व्हती का ही?" ते अभिमानानं म्हणाले, "नाही हो, पहिल्यांदा आपल्याकडंच!" मावशी म्हणाली, "मग नारळ दोन फोडा."

मी मारुंजीत भाड्यानं राहतो, आयटीत आहे. रविवारी लॅपटॉप घेऊन भोसरीला जायचो, ते मावशीला परदेशातल्या जुन्या गाड्यांच्या जाहिराती वाचून दाखवायला. गाडी किती धावली, काय बदललं, आत्ता का विकताहेत, हे सगळं मराठीत करून सांगायचं. सुरुवातीला ती बारकाईनं ऐकायची. मग हळूहळू तिचं लक्ष गाडीवरून फोटोतल्या मागच्या गोष्टींवर जायचं. लाकडी घर, दारातलं फावडं, खिडकीत बसलेलं मांजर. "ह्या बाईनं कपडे भरल्या आभाळात वाळत घातलेत बघ," ती हलकेच म्हणायची. "वाळत असतील का रे?" मग आम्ही दोघं त्या कधीही न पाहिलेल्या गावच्या अंगणात थोडा वेळ उभे राहायचो. बाहेर रिक्षावाले नाशिक फाट्याच्या नावानं ओरडत असायचे.

या सगळ्यात काका, म्हणजे मावशीचे यजमान, शांतपणे वाट बघायचे. त्यांनी उभी हयात कामगारांच्या बसवर ड्रायव्हर म्हणून काढली. शिफ्टची माणसं न्यायची, शिफ्टची माणसं आणायची. रिटायर झाल्यावर त्यांची एकच इच्छा होती, स्वतःची गाडी. कुठं जायचं, असं मी विचारलं तर म्हणाले, "कुठं बी. कुणी बेल मारून थांबवणार न्हाई असं." त्यांनी एखाद्या गाडीचं नाव काढलं की मावशी म्हणायची, "थांबा. हिच्यापेक्षा चांगली येतीय." आणि काका थांबायचे.

मग एक दिवस मावशी कामावरून आली ती हसतच. "आपली गाडी ठरली," ती म्हणाली. कुठली, ते मात्र सांगेना. कंपनीचं गुपित. जवळजवळ वर्षभर काकांची गाडी ठरलेली होती आणि कुठली ते काकांना माहीत नव्हतं. अखेर ती गाडी परदेशात निघाली. मी फोटो उघडला, मावशीनं पडद्यावर बोट ठेवलं. "ही. वायर चांगली जाड हाय हिची." काकांनी लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून अगदी नाकासमोर धरला. बराच वेळ बघत राहिले. त्यात वावगं असं आम्हाला दोघांनाही काही वाटलं नाही.

पुढं हिवाळे मोजणं सुरू झालं. दर रविवारी पहिला प्रश्न, तिकडं बर्फ किती पडला? दुसरा हिवाळा सरत आला आणि जाहिरातींत त्याच मॉडेलची एक गाडी कुणीतरी विकायला काढलेली दिसली. मावशीचा चेहरा उतरला. "इतक्यात का विकली? विचार त्याला." मी निरोप पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं, तिसरं मूल झालं, गाडी लहान पडते. मावशीनं सुटकेचा निःश्वास टाकला. "म्हणजे गाडीचा दोष न्हाई." मग थोड्या वेळानं, "मुलगा झाला की मुलगी? तेबी विचार की."

ती गाडी आपल्याकडच्या बाजारात आली त्याच आठवड्यात काका लायसन्सच्या नूतनीकरणासाठी डोळे तपासायला गेले. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसतंय, दोन्ही बाजूंचं गेलंय, आणि गेलेलं परत येत नाही. औषधानं उरलेलं टिकेल, पण गाडी चालवायची नाही.

त्यानंतरचे काही रविवार मी लॅपटॉप उघडलाच नाही. मावशी नुसती बसून असायची. एकदा म्हणाली, "तिकडचे हिवाळे मोजत बसले मी लेकरा. हिकडं माणसाचे मोजलेच न्हाईत."  आतून काकांचा आवाज आला, "अगं, गाडी पास झाली ना? मग ड्रायव्हर तेवढा बदल की!"

काका हे गमतीनं म्हणाले होते. मावशीनं दुसऱ्याच दिवशी ड्रायव्हिंग क्लासला नाव घातलं. वय पंचावन्न. पहिल्या दिवशी ती थेट डावीकडच्या सीटवर जाऊन बसली आणि स्टिअरिंग शोधू लागली, शिकवणाऱ्यानं घाबरून विचारलं, "काकू, याआधी कुठं चालवलीय का?" परीक्षेत ती एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास झाली. मग गाडी आली. नारळ एकच फोडला.

पहिल्या रविवारी सकाळी आम्ही निघालो. मावशी स्टिअरिंगवर, काका शेजारी, मी मागं जीव मुठीत धरून. भोसरीच्या गर्दीत तिच्या कपाळावर घाम आला. काकांनी तिच्याकडं न बघता हळूच सांगितलं, "समोरचं मी सांगतो. बाजूचं तू बघ." आणि ते सांगत गेले. पुढं खड्डा हाय, रिक्षा थांबंल, आता तिसरा टाक. गर्दी मागं पडली. रावेतच्या बाजूला रस्ता रुंद झाला, कोवळं ऊन काचेवर आलं, बांधकामांच्या क्रेन आभाळात स्थिर उभ्या होत्या. काकांचं सांगणं हळूहळू कमी झालं आणि मग थांबलं.

मी वाकून पाहिलं. त्यांची मान खिडकीकडं कलली होती. उभ्या हयातीत चालत्या गाडीत त्यांनी डोळा मिटला नव्हता. आता तोंड किंचित उघडं ठेवून गाढ झोपले होते. मावशीनंही पाहिलं. पुढं एक सिमेंटचा ट्रक रमतगमत चालला होता, शेजारची लेन मोकळी होती. मी म्हटलं, "मावशी, हॉर्न दे, पुढं काढ."

"राहू दे," ती म्हणाली, आणि त्या ट्रकच्या मागं तशीच हळू चालवत राहिली.