रिना वसावे आणि मांडणीआडचं नेट

रिना वसावे पहिल्यांदा आमच्या कोरीटच्या घरी आली तेव्हा मी तिच्या मागे कोणी मोठा मेकॅनिक येतोय का, हेच बघत होतो. मागे कोणी नव्हतं. स्कूटीच्या डिकीतून तिने बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला, चपला उंबऱ्याशी सोडल्या आणि विचारलं, "कॉम्प्युटर कुठंय, काका?"

माझा स्वभाव तापट, हे गावाला ठाऊक आहे. त्या दिवशी तर मी सकाळपासूनच पेटलेलो होतो. अकरा वाजता माझ्या बायकोच्या भाचीचं बारसं, तेही ऑस्ट्रेलियात. आमच्या गुजर घरांत बाळाचं नाव फई ठेवते, फई म्हणजे आत्या. दोघांची आई लवकर गेल्यावर धाकट्या भावाला, लखनला, माझ्या बायकोने, मंगलाने, कडेवर वाढवलं. त्या लखनची ही पहिली मुलगी, आणि फई इथे तापीकाठी अडकलेली. लखनने तिकीट काढतो म्हटलं होतं, पण मंगलाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टर विमानाचं नावही काढू देईना.

फोनवर बोलायला काय जातं, असं कोणीही म्हणेल. पण साखरेच्या आजाराने मंगलाची नजर गेली आहे, पूर्ण नाही, निम्म्याहून जास्त. लखनने फोनवर बाळ तीनदा दाखवलं. तिन्ही वेळा ती "हाव, हाव" म्हणाली आणि फोन ठेवल्यावर पदराने डोळे पुसत बसली. "मन्ही भाची मले दिसतच नई," म्हणाली. पोरीच्या शाळेसाठी घेतलेला आमचा कॉम्प्युटर बारा वर्षांचा म्हातारा, पण त्याचा पडदा चांगला मोठा. त्यावर तिला दिसलं असतं. अडचण एकच होती, त्याला वायफाय पकडता येत नव्हतं. मी नंदुरबारहून नखाएवढा अडॅप्टर आणला, मागे खोचला, आणि काहीही झालं नाही. सोबत सीडी होती. आमच्या कॉम्प्युटरचा सीडीचा खण कधीचा उघडत नाही.

मी रिनाला म्हटलं, "ही अडॅप्टरची डबी कंपनीचीच शे. कॉम्प्युटरच बिघडेल शे."

"डबीवरचं नाव सोयऱ्यांना सांगायला, काका. मला आतल्या चिपचं कूळ लागतं," ती म्हणाली.

तिने डबा उघडला. आत तीसेक अडॅप्टर, प्रत्येकाला चिकटपट्टी, आणि पट्टीवर बारीक अक्षरात खऱ्या चिपचं नाव. रिना खापरकडची. वडील दिवाल्या दरवर्षी ऊसतोडीला गुजरातेत जायचे, ही आश्रमशाळेत. पुढे आयटीआय केलं आणि एका क्लासमध्ये नोकरी लागली. तिथले वीस जुने कॉम्प्युटर भंगारात निघाले होते, ते हिने एकेक करून चालू केले. आता जिल्ह्यात कुणाचाही म्हातारा कॉम्प्युटर अडला की लोक हिलाच बोलावतात. नवं घ्या, असं ती कधी सांगत नाही. मला तिथेच ती आवडायला हवी होती, पण मी घड्याळ बघत होतो.

तिने पडद्यावर अडॅप्टरचे आकडे वाचले आणि स्वतःच्या फोनवर शोधलं. नेट यायला ड्रायव्हर, म्हणजे अडॅप्टर चालवणारा प्रोग्राम, पाहिजे आणि ड्रायव्हर मिळायला नेट, असला हा घोळ. तिने ड्रायव्हर फोनवर उतरवला आणि वायरने कॉम्प्युटरमध्ये टाकला. कॉम्प्युटरने तो नाकारला. "चौसष्ट बिटचा घेतला, तुमचा कॉम्प्युटर बत्तीसचा आहे. माझी चूक," ती सरळ म्हणाली आणि दुसरा उतरवला. अडॅप्टरचा निळा दिवा लुकलुकला. मी टाळीच वाजवली.

टाळी फुकट गेली. यादीत शेजाऱ्याचं वायफाय दिसत होतं, आमचं नाही. आमचा राउटर तर पलीकडे ओसरीतच होता!

रिना उठली, ओसरीत गेली, परत आली आणि मांडणीपुढे उभी राहिली. आमच्याकडे मांडणी म्हणजे घराची अब्रू. मधल्या लाकडी भिंतीला टेकून जमिनीपासून आढ्यापर्यंत पितळी घागरी, हंडे, स्टीलचे डबे, ताटांच्या रांगा. लग्नातली भांडी, फक्त दिवाळीला उतरतात.

"काकी, हे सगळं धातूचं. नेट इथंच अडतंय," ती चाचरत म्हणाली. "मधला एक खण रिकामा केला तर..."

मी म्हटलं, त्यापेक्षा कॉम्प्युटर ओसरीत नेऊ. पण इन्व्हर्टरची लाइन आतल्या खोलीतच, आणि बाहेर लाइट सकाळीच गेलेले. राउटरपुरती एक वायर त्याच लाइनवरून ओसरीत नेलेली, आणि राउटर भिंतीत खिळलेला. पावणेअकरा झाले होते. त्या घागरींना मीसुद्धा कधी हात लावलेला नाही.

मंगलाच उठली. चाचपडत मधल्या खणाशी गेली आणि माहेरची घागर दोन्ही हातांनी खाली घेतली. "भांडाच शेतस ना? काढा मंग!"

बारशाला जमलेल्या बायकांनी हातोहात खण रिकामा केला. रिनाने अडॅप्टर लांब वायरीला लावून आत सरकवला, पण वायर बोटभर तोकडी. हाताने धरला की सिग्नलच्या रेघा भरायच्या, सोडला की जायच्या. तेव्हा ती हात उंच धरून, पडद्याकडे पाठ करून उभी राहिली.

बरोबर अकराला पडदाभर बाळ आलं. मंगला इतकी जवळ गेली की नाक टेकलं. मग तिने बाळाच्या हनुवटीवर, म्हणजे काचेवर, बोट ठेवलं.

"लखन, ही तर आपली माय शे रे."

तिकडे लखन रडायला लागला. इकडे बायका रडायला लागल्या. मलाही आवरेना. मंगलाने ठरलेलं नाव, निर्वी, ठणठणीत आवाजात घेतलं, आणि मग मागे वळून म्हणाली, "बेटा रिना, ये, तू बी देख."

"मी हात काढला तर बाळ जाईल, काकी."

मंगला माझ्याकडे बघून म्हणाली, "ओ, तुम्ही धरा आते. तिनी बाळ देखं नई आजून."

मी जाऊन तिच्या हातातला अडॅप्टर धरला. पडदा माझ्या पाठीमागे होता. "हलू नका, काका," रिना म्हणाली, आणि मंगलाशेजारी पाटावर जाऊन बसली. पुढचा अर्धा तास मी जागचा हललो नाही.