दादाच्या छातीवरच्या जांभळ्या रेघा

शेवटच्या भेटीत दादा माझ्याशी एवढंच बोलला, "जाताना दार लोट. ऊन येतंय." मी दार लोटलं आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या मुलीचा, शोभाचा फोन आला, "काका, अण्णा गेले." दोन भावांमधलं शेवटचं बोलणं उन्हाबद्दल झालं, आणि खरं सांगायचं तर आमच्यात तेवढंच शोभत होतं. दहाव्याला मात्र एक पुढारी उठले आणि आम्हाला राम-लक्ष्मणाची जोडी म्हणाले. मग त्यांनी एक किस्सा सांगितला. दवाखान्यात डॉक्टरांनी अंबादासरावांच्या, म्हणजे दादाच्या, छातीवर शाईनं रेघा मारल्या, पुसू नका म्हणून बजावलं, आणि हा हट्टी माणूस घरी येऊन साबणानं धुऊन मोकळा झाला. "चेअरमननं कुणाचं ऐकलं तर तो चेअरमन कसला?" लोक हसले. मुंडण केलेलं डोकं खाली घालून मीही हसलो. त्या हसण्यापायी हे लिहितो आहे.

आम्ही राम-लक्ष्मण नव्हतो. आष्टीकडच्या आमच्या गावात दादा दूध संस्थेचा चेअरमन होता. एका दुष्काळात संस्थेनं चारा छावणी उघडली, तेव्हा त्यानं माझी बैलजोडी दारातून परत पाठवली. म्हणाला, "आधी गावाची जनावरं. घरचं घेतलं तर लोक माज्या तोंडात शेण घालतील." मी बैल बाजारात विकले. एक बैल व्यापाऱ्याच्या गाडीत चढेना, तेव्हा त्याच्या मानेवर हात ठेवून मीच त्याला चढवला… तो हात मी दादाला कधी माफ केला नाही. पुढच्या निवडणुकीत मी त्याच्या विरोधी पॅनेलमधून उभा राहिलो आणि त्याला पाडलं. संस्था आमच्या ताब्यात आली आणि आम्ही ती बुडवली. पुढं कित्येक वर्षं एकाच गल्लीत राहून आम्ही एकमेकांच्या सावलीला टाळत होतो.

मग त्याला अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. वहिनी आधीच गेलेली, शोभा लांब दिलेली, तिच्या पदरात लहान लेकरं. ती म्हणाली, "काका, तुमीच जा संगं." मी गेलो तो प्रेमापोटी नाही. सख्खा भाऊ असून मरायला सोडला, असं गावानं म्हणू नये म्हणून गेलो. नगरला दवाखान्याजवळ खोली घेतली. सोमवार ते शुक्रवार शेक, मधूनमधून सलाइनमधून औषध, आणि शनिवारी एसटीनं गावाकडं. शेक म्हणजे रेडिएशन; ते नेमकं कुठं द्यायचं त्याच्या जांभळ्या रेघा छातीवर मारलेल्या. पहिले काही दिवस काही वाटलं नाही. नंतर त्याला घोट गिळताना निखारा गिळल्यासारखं होई. तोंड आतून सोललं. मीठ-सोड्याच्या कोमट पाण्यानं गुळण्या करायच्या, तर तो माझ्या पायाशी थुंके. सगळ्याला लोखंडाची चव लागे. फोडणीचा वास आला की उलटी, म्हणून मी फोडणी बंद केली आणि ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून, निववून देऊ लागलो. दोन घास खाऊन तो ताट सरकवी. "विख तरी घालायचं व्हतंस, चव आली असती."

सगळ्यात वाईट दुधाचं झालं. जन्म दुधात गेला त्या माणसाला दुधाचा वास सहन होईना. शेजारच्या खोलीत दूध उतू गेलं तरी तो तोंडावर उपरणं धरी. मी म्हणालो, "आता कळलं का संस्था कावून बुडाली ते?" तो म्हणाला, "संस्था बुडाली तवा तू चेअरमन व्हतास बे." खरं होतं. मग त्याची मिशी गळली. डोक्यावरच्या केसांचं त्याला काही वाटलं नाही, मिशीसाठी मात्र त्यानं दिवसभर भिंतीकडं तोंड केलं. मी त्या दिवशीही टोमणा मारायला चुकलो नाही. असे आम्ही होतो. त्याची घाण काढताना मला त्याची दया येत होती, आणि दया येते म्हणून आणखी राग येत होता.

एका शनिवारी गावात पाऊल टाकतो तोच कळलं, भावकीतला चुलता गेला. सुतकाची आंघोळ सगळ्यांना आली. त्या साली पुन्हा दुष्काळ होता, टँकर आला तर आला. माझ्या घरातली उरलेली बादली मी दादाच्या न्हाणीत नेऊन ठेवली. तो म्हणाला, "डाक्टरनं छातीला पाणी लावू नगं म्हणलंय. रेघा पुसत्यात."

"भावकीतला माणूस गेलाय. डाक्टर येणार हाय का सुतक फेडायला?"

"हातपाय धुतो की. मला न्हाई चालत."

माझं डोकं फिरलं. घरच्यांच्या तोंडचं पाणी आणून द्यावं आणि यानं नको म्हणावं. माझे बैल त्यानं दारातून परत पाठवले होते, आता माझी बादलीही परत पाठवतो… हेच माझ्या मनात आलं. दंडाला धरून मी त्याला दगडावर बसवलं. औषधांनी त्याच्यात ताकद राहिली नव्हती, मला ढकलायला उचललेला हात मांडीवरच पडला. डोक्यावरून एक तांब्या ओतला असता तरी आंघोळ झाली असती. पण दवाखान्याचा वास नको म्हणून मी साबण घेतला आणि छाती घासली. खालची कातडी भाजून काळी पडली होती. तो कण्हला, "हळू बे, रेडा धुतो का काय." जांभळं पाणी न्हाणीतून वाहत गेलं. माझ्याच पंच्यानं मी त्याला पुसलं, तर पंचाही जांभळा झाला. तेव्हा मला कळलं, मी काय केलं ते.

सोमवारी दवाखान्यात डॉक्टर खवळले. "कुणी धुतलं हे?" मी हातातली फाइल चाळू लागलो. दादा म्हणाला, "मीच. लई खाजत व्हतं." नव्यानं मापं घेऊन पुन्हा रेघा मारीपर्यंत शेक थांबला. खोलीवर आल्यावर मी विचारलं, "कावून खोटं बोललास?"

"तुज्यावर उपकार करून मरणार हाय मी," तो म्हणाला. "आता फेड जन्मभर."

ही माया नव्हती. ज्यांना तशी वाटेल त्यांनी त्याचे डोळे पाहिलेले नाहीत. शेक संपल्यावर तो वर्षभर बरा होता, मिशीही परत आली, पातळ. मग आजार त्याच जागी उलटला. मध्ये खंड पडला त्यामुळं का, असं मी डॉक्टरांना एकट्यानं गाठून विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही." हो म्हणाले असते तर एकाच घावात संपलं असतं. गावानं मात्र ठरवून टाकलं की चेअरमन स्वतःच्या हट्टानं गेला, आणि ज्याला सत्य माहीत होतं तो दहाव्याला हसत बसला. दादा हट्टी होता, खुनशी होता, पण डॉक्टरांचं त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. रेघा मी पुसल्या.

तो पंचा त्यानं मला परत दिला नाही. मागितला तर म्हणे, "न्हाई देत. राहू दे इथंच." त्याच्या खाटेसमोरच्या खुंटीवर, मी आत आलो की आधी नजरेस पडेल असा, तो टांगलेला असायचा. शोभा खोली आवरायला आली तेव्हा मी तो घरी आणला. यंदा पाऊस बरा झाला आहे, हौदात पाणी आहे. दोनदा भिजवला, साबण लावला, दगडावर आपटला. छातीवरून एका बादलीत गेलेला रंग पंच्यातून काही निघत नाही. दादा खाटेवर असता तर म्हणाला असता, "घास की. घासायला तर तुज्यासारखा न्हाई कुणी."