पक्क्या रंगाचा स्पॅनिश शब्द

शिवलीलाबाई आमच्या सोलापूरच्या टॉवेल कारखान्यात पॅकिंग सांभाळतात. माहेर करमाळ्याचं, सासर कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीचं. लग्न झालं तेव्हा त्यांना कन्नड येत नव्हतं आणि सासूबाईंचं, पार्वतम्मांचं, मराठी बेताचंच. पार्वतम्मांनी सुनेला कन्नड शब्दाचा कधी अर्थ सांगितला नाही. प्रत्येक शब्दाबरोबर वस्तू पुढं केली. कुटणं शिकवताना खलबत्ता दिला, आंबलेलं शिकवताना झाकण काढून भांडं नाकाशी धरलं.

पुढं शिवलीलाबाई मोबाईलवरून स्पॅनिश शिकल्या. आमचा माल स्पेनला जातो. तिथल्या गोदामातल्या मार्ताबाईंशी त्या खोक्यांबद्दल फोनवर बोलतात. त्यांची एकच इच्छा होती, लेबलांचं स्पॅनिश काम आपल्याकडं यावं. मालक मानसिंगरावांनी अखेर एक लेबल दिलं. "हे गिऱ्हाइकानं पास केलं तर पुढची सगळी तुमची. नाहीतर पुण्याच्या एजन्सीला देऊन टाकतो."

लेबलावर इंग्रजीत होतं, फास्ट कलर. म्हणजे पक्का, धुताना न जाणारा रंग.

मी इथं हिशेब पाहतो. वाणिज्य शाखेतला माणूस, एक नोंद एका खात्यात टाकून मोकळा होतो. शिवलीलाबाई माझ्या टेबलाशी आल्या तेव्हा त्यांच्या मोबाईलवर 'फास्ट' या एकाच शब्दापुढं स्पॅनिश शब्दांची रांग होती. वेगवान. उपवास. घट्ट. गाढ झोपेलाही तोच इंग्रजी शब्द.

"उपवास टाका की," मानसिंगराव जाता जाता म्हणाले. "टॉवेल एकादशीला चालतोय म्हणावं."

"चालंल मालक, पण मग तिथीही छापावी लागंल," बाई म्हणाल्या.

मानसिंगराव हसत गेले. मी म्हणालो, "घट्ट बरा दिसतोय. तो टाका."

"दिसतोय हो काका. पण स्पेनमधली बाई टॉवेल धुताना तो शब्द म्हणते का? रुमाल द्या तुमचा. आणि ती फायलीची लाल फीतही."

मी दोन्ही दिलं. त्यांनी पाण्याची बादली आणली, मोबाईल खुर्चीला टेकवून ठेवला आणि मार्ताबाईंना व्हिडिओ कॉल लावला. तिकडं सकाळ होती. मार्ताबाई हातात कॉफी घेऊन समोर आल्या.

शिवलीलाबाईंनी तो इंग्रजी शब्द उच्चारलाच नाही. आधी फीत भिजवून रुमालावर दाबली. रुमाल गुलाबी झाला. मार्ताबाईंनी तोंड वाकडं केलं आणि त्या काहीतरी म्हणाल्या. मग शिवलीलाबाईंनी आमचा लालभडक टॉवेल भिजवला, रुमालाच्या कोऱ्या कोपऱ्यावर दाबून पिळला आणि तो कोपरा पडद्यापुढं धरला. पांढरा स्वच्छ.

"सोलिदो," मार्ताबाई म्हणाल्या.

शिवलीलाबाई थबकल्या. हा शब्द त्यांना भिंतीसाठी, दगडासाठी, भक्कम या अर्थानं माहीत होता. त्यांनी फीत दाखवून विचारलं, हिला सोलिदो म्हणाल? मार्ताबाईंनी जोरजोरानं नकारार्थी मान हलवली. मग त्या उठल्या, घाईघाईनं एक टेबलक्लॉथ घेऊन आल्या आणि त्याच्या कडेचं लेबल पडद्याला लावलं. तिथं रंगापुढं तोच शब्द छापलेला होता.

मी खुर्चीवरून उठून उभा होतो, हे मला नंतर कळलं. एक बाई सोलापुरात, एक समुद्रापलीकडं, मध्ये एक बादली. आणि मोबाईलमधल्या शब्दांच्या रांगेत जो दिसला नव्हता तो शब्द पाण्यातून वर आला होता. इतकी वर्षं मी शब्द कागदावर वाचले. एखादा असा येताना कधी पाहिला नव्हता.

तोच शब्द घालून लेबल पाठवलं आणि गिऱ्हाइकाचा होकार दुसऱ्या दिवशी आला. मानसिंगरावांनी उरलेल्या लेबलांचा गठ्ठा बाईंच्या टेबलावर ठेवला. "लई झालं पुणं. आता तुमीच बगा."

बाईंनी लगेच दुधनीला स्पीकरवर फोन लावला. कन्नड मला अर्धंमुर्धंच कळतं. बातमी ऐकून पार्वतम्मांनी कौतुक काही केलं नाही. एवढंच विचारलं, "हातात देऊन विचारलंस ना?"

"तिच्या हातात कसं देऊ, अत्ते? दाखवलं," सून म्हणाली आणि गठ्ठ्यातलं पुढचं लेबल वाचत, त्यासाठी दाखवायला वस्तू शोधत लूमखात्याकडं चालू लागली.