वरचं दीड सप्तक

आमच्या दाराची घंटा बिघडली आहे असं मी वर्षभर सगळ्यांना सांगत आले आहे. ती बिघडलेली नाही. तिचा आवाज बारीक, किणकिणता. आणि माझ्या धाकट्या दिरांना तो ऐकू येत नाही. एकदा शेजारीण आत बसलेली असताना घंटा वाजली आणि दाराशेजारच्या खुर्चीतले भाऊजी जागचे हलले नाहीत. शेजारीण माझ्याकडे बघायला लागली. त्याच दुपारी मी घंटेची वायर काढून टाकली. तेव्हापासून लोक दार ठोठावतात. ठोठावलेलं त्यांना व्यवस्थित ऐकू येतं.

इतकी लपवाछपवी कशाला, असं कुणी म्हणेल. पण भाऊजी पियानो लावतात. चौतीस वर्षं तेच काम. गावात त्यांचं खरं नाव फारसं कुणाला माहीत नाही, सगळे ‘सूरवाले’ म्हणतात.

त्या सकाळी ह्यांचा एक मोजा सापडत नव्हता, चहा उकळून अर्धा झाला होता आणि भाऊजी पेपरातलं शब्दकोडं पेनानं सोडवत बसले होते. दारावर थाप पडली. उघडलं, तर बंगल्यावरचा ड्रायव्हर.

“काकू, सूरवाले आहेत ना? मोठ्या बाईंनी लगेच बोलावलंय. गाडी खाली उभी आहे.”

“अहो, मंगळवारीच तर लावून आले ते!”

“ते खरं. पण संध्याकाळी वाजवणारी पाहुणी सकाळीच आली. तिनं वाजवून बघितलं आणि म्हणाली, वरच्या पट्ट्या चढल्यात. मला काय कळतंय? मला सगळ्याच सारख्या वाटतात.”

भाऊजींनी पेनाला टोपण लावलं. दोनदा लावलं, पहिल्यांदा नीट बसलं नव्हतं. मंगळवारी मी त्यांच्याबरोबर नव्हते. मला ताप होता आणि ते एकटेच गेले होते.

इथे जरा थांबून सांगायला हवं. पियानोत मधल्या आणि वरच्या प्रत्येक सुराला तीन-तीन तारा असतात. तिन्ही अगदी एक झाल्या नाहीत तर सुरात थरथर येते, पाण्यावर वारा आल्यासारखी. भाऊजी दोन तारांमध्ये फेल्टची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पाचर खुपसून त्यांना गप्प करतात, एक लावतात, मग दुसरी तिच्याशी जुळवतात, मग तिसरी. तारेच्या खुंटीवर किल्ली बसवून ती केसभर फिरवायची आणि थरथर कधी थांबते ते ऐकायचं, एवढंच ते काम. सव्वा वर्षापूर्वी त्यांना वरच्या दीड सप्तकातली थरथर ऐकू येईनाशी झाली. खालचं सगळं शाबूत. वर मात्र त्यांना लाकडावर टकटक केल्यासारखं ऐकू येतं, आणि असे कान झाले की प्रत्येक सूर उतरलेलाच वाटतो. माणूस तार ओढत राहतो.

हे त्यांनी ह्यांना, म्हणजे सख्ख्या भावाला, आधी सांगितलं नाही. मला सांगितलं. घरातल्या जुन्या पियानोवर दोन महिने त्यांनी मला थरथर ऐकायला शिकवलं. मी कधी गाणं शिकलेली नाही. तरी रोज दुपारी ऐकता ऐकता मला ती पकडता यायला लागली. मग मी त्यांची मदतनीस झाले. पाचरी मी हातात द्यायच्या, मांडीवर धूळ पुसायचा फडका ठेवायचा, आणि थरथर थांबली की न बोलता तो फडका घडी करायचा, कारण नोकरमाणसांची ये-जा चालूच असायची. ते डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत. पुढे ह्यांना कळलं तेव्हा हे म्हणाले होते, “मोबाइलवर सूर मोजायचं यंत्र मिळतं ना रे?” तर भाऊजी म्हणाले, “दादा, बाईंच्या घरात मी मोबाइल काढला, तर त्या काही बोलणार नाहीत. म्हणून तर नको.”

बाई बोलत नाहीत, हीच खरी भीती. मोठ्या बाई आणि साहेब यांनी या गावासाठी जे केलंय ते नाकारणारा कृतघ्नच म्हणायचा. रंगाच्या कारखान्यातून आलेला पैसा त्यांनी सभागृहात घातला, संगीत शाळेत घातला, चित्रकारांना वर्ष-वर्ष घर आणि जेवण दिलं. भाऊजी तर त्यांनीच घडवलेले. सुताराकडे कामाला होते तेव्हा बाईंच्या पियानोचा मोडका पाय बसवायला गेले आणि जाता जाता म्हणाले, “यातली एक तार बेसूर आहे.” बाईंनी दुसऱ्याच आठवड्यात स्वखर्चानं त्यांना एका म्हाताऱ्या कारागिराकडे दोन वर्षं शिकायला पाठवलं.

पण त्या बंगल्यात एक लांब व्हरांडा आहे. तिथे फोटो आहेत. व्हायोलिन वाजवणारे गुरुजी, ज्यांचे हात कापायला लागले. गाणाऱ्या बाई, ज्यांचा आवाज गेला. सगळ्यांचे सत्कार झाले, तहहयात मानधन मिळालं, फोटो लागला. आणि फोटो लागला की बोलावणं बंद. “वहिनी, त्या भिंतीवर एक खिळा रिकामा आहे,” भाऊजी हसत हसत म्हणायचे, “मला बघितलं की तो जरा पुढे येतो.”

गाडीत ते हसले नाहीत. मी म्हटलं, “मी आहे ना आज. तासाभरात होईल.” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “ती पोरगी पहिल्यांदाच एवढ्या लोकांपुढे वाजवणार आहे. बाईंच्याच पैशावर शिकली. माझ्यासारखीच.”

दारातच साहेब भेटले. “या, या! मला दोनच सूर कळतात बघा. एक वाजतोय तो आणि एक थांबला तो. दुसरा जास्त आवडतो!” एरवी भाऊजी यावर काहीतरी परतवतात. आज सरळ आत गेले.

दिवाणखान्यात खुर्च्या मांडून झाल्या होत्या. मी नेहमीसारखी पियानोच्या उजव्या अंगाला स्टूल ओढायला लागले, तोच बाई आल्या. चौतीस वर्षांत काम चालू असताना त्या कधी खोलीत थांबलेल्या नाहीत, सूर लावणाऱ्याला एकटं सोडावं हा त्यांचाच नियम. आज म्हणाल्या, “वहिनी, तुम्ही आजारातून उठलात, तिकडे कोचावर बसा. पाचरी मी देते यांना. मलाही ऐकायचंय कुठे बिघडलं ते.”

“अहो, मी बरी आहे आता,” मी म्हटलं.

“बसा हो. चेहरा बघा केवढासा झालाय.”

माझा चेहरा तापानं तसा झाला नव्हता. कोच भाऊजींच्या पाठीमागे होता. तिथून मी काय घडी करणार आणि ते काय बघणार!

ते मधून सुरुवात करून खाली गेले. कशाला खोटं बोलू, मी पुष्कळदा ऐकलंय, पण त्या दिवशीसारखं नाही. एकेक सूर असा उभा राहायचा की बाईंची मान आपोआप डोलायची. “वा,” त्या पुटपुटल्या, “कुणाला जमतं हे आता!” मला वाटलं, इथेच थांबवावं, काहीतरी पाडावं, चक्कर आल्याचं सोंग करावं. मी फडका पिळत बसले होते.

मग ते वर सरकले. दोन-तीन सूर बरे गेले. त्याच्या पुढचा सूर त्यांनी वाजवला, पुन्हा वाजवला. तार चढलेली होती, मला कोचावरूनही कळत होतं. किल्ली खुंटीवर बसवली आणि हात तसाच राहिला. बाई पाचर पुढे करून थांबल्या.

भाऊजींनी वळून माझ्याकडे बघितलं. मी पटकन फडका उलगडून मांडीवर ठेवला, म्हणजे मागे वळून बघत राहा, मी सांगते, असं. त्यांनी फडक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. नको.

“बाई,” ते म्हणाले, “इथून वर मला ऐकू येत नाही.”

“म्हणजे आज सर्दी वगैरे…”

“सर्दी नाही. सव्वा वर्ष झालं. वहिनी ऐकायच्या, मी तारा फिरवायचो. मंगळवारी त्या नव्हत्या. त्या पोरीनं बरोबर सांगितलंय, मीच बिघडवलंय.”

बाई माझ्याकडे वळल्या. मला जमीन दुभंगावी असं वाटलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“अहो, आधी का नाही सांगितलंत? आम्ही परके आहोत का?” त्यांनी साहेबांना हाक मारली आणि दोन वाक्यांत सगळं सांगितलं. साहेब भाऊजींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “काळजीच करायची नाही. कानाचा सगळ्यात मोठा डॉक्टर आपला मित्र आहे. मानधन आजपासून सुरू. आणि संध्याकाळी सगळे जमणारच आहेत, तेव्हा छोटासा सत्कार करू या. काय हो?”

“अगदी,” बाई डोळे पुसत म्हणाल्या. “सभागृहातला पियानो लावतो त्या नव्या माणसाला बोलवा, तो करेल पूर्ण. यांनी आता नुसतं पुढच्या रांगेत बसून ऐकायचं. चौतीस वर्षं केलंत, पुरे झालं.”

साहेबांनी फोन काढला. “फोटोग्राफर येतोच आहे, त्याला जरा लवकर यायला सांगतो. एक चांगला फोटो काढून ठेवू.”

भाऊजी उभे होते. हातात किल्ली तशीच. घाम फुटलेला मला मागून दिसत होता, कॉलर ओली झाली होती. दोन्ही बाजूंनी इतकं प्रेमानं बोललं जात होतं की मध्ये एक शब्द घालायला जागा नव्हती. मी म्हटलं, “भाऊजी, बोला ना.” माझाच आवाज मला चिरका वाटला.

साहेबांचा नंबर लागत नव्हता म्हणून ते क्षणभर थांबले, तेवढ्यात भाऊजी बोलले.

“बाई, डॉक्टर नको, सत्कार नको. वरचं दीड सप्तक त्या नव्या माणसाकडून लावून घ्या. खालचं यापुढेही मला लावू द्या.”